पट्टा पडायच्या आत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमची या हंगामातली शेवटची फेरी झाली. कोल्हापूर ते दाजीपूर आणि परत. मी साइडकारमध्ये, म्हणजे गाडीच्या बाजूला जोडलेल्या डब्यात, आमचे हे बुलेटवर. घरी आल्यावर ह्यांनी गाडी दारात लावली, टाकीवर हात ठेवून "आता दसऱ्यापर्यंत विश्रांती" म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. वाटेत हळदीला चहासाठी थांबलो असताना एका बाईने मला काहीतरी विचारलं. त्याचं धड उत्तर मला तिथे देता आलं नाही. तिच्यासारखंच विचारणाऱ्या बायका दर फेरीत भेटतात. त्या सगळ्यांसाठी हे पत्र.

आमचा हंगाम म्हणजे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. दसरा-दिवाळीनंतर बॉयलर पेटले की आमची गाडी बाहेर निघते आणि कारखान्यांचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप संपायच्या, सुमाराला ती आत जाते. हे ठरवून झालेलं नाही. पावसाळ्यात गगनबावड्याकडचा पाऊस उघड्या गाडीवर सोसत नाही आणि होळी झाली की ऊन सोसत नाही. साइडकारमध्ये बसणारा माणूस जमिनीपासून हातभर उंचीवर असतो. अकरा वाजले की डांबराची धग खालून अंगावर येते, उजव्या बाजूने इंजिन भाजतं. पुढे चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा भरते, आणि त्या गर्दीत आमच्या रुंद गाडीने इतरांची वाट अडवणं बरं नव्हे. तेव्हा नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात, एवढेच आमचे दिवस. वर्षातले सात-आठ महिने मी त्यांची वाट बघते, हे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी लिहायला मला काहीच संकोच वाटत नाही.

ह्यांनी बुलेट घेतली १९८३ साली. तेव्हा हे उद्यमनगरात लेथवर काम करायचे आणि मी शाळेत शिकवायचे. टाकीवर धाकटा, मध्ये थोरली, मागे मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, असे आम्ही जोतिबा, पन्हाळा, नरसोबावाडी फिरलो. आज तसं कुणी बसलेलं दिसलं तर मीच त्यांना ओरडेन, पण तेव्हा सगळे तसेच जायचे. मुलं मोठी झाली, पांगली. आम्ही दोघं जात राहिलो. २०१८ च्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून माझा खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, मी चालू लागले, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पाय टाकून गाडीवर बसायचं नाही आणि एका बाजूला कंबर पिळून तर अजिबातच नाही.

मुलगा पुण्याहून आला की कारने फिरवतो. त्याचं मला कौतुकच आहे. पण काचा वर, एसी चालू, की भोगावतीचा कारखाना कधी आला आणि कधी गेला ते कळत नाही. मळीचा वास नाही, गुऱ्हाळाचा नाही, पाचट पेटवल्याचा नाही. आणि माझ्यावाचून ह्यांनी बुलेटला हात लावणं सोडलं. "एकट्यानं कुठं जायचं?" एवढंच म्हणायचे. गाडीवर चादर पडली आणि चादरीवर धूळ.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपल्या वाचकांना सांगायला नको. पूर ओसरल्यावर हे शिरोळ तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी मदतीला गेले होते. गोठ्यातला गाळ काढताना कोपऱ्यात लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा आणि होडीच्या आकाराचा पत्र्याचा डबा निघाला. पूर यायच्या आधी त्या डब्यात कोंबड्या अंडी घालत. घरातल्या आजोबांनी कधीकाळी मोटारसायकलला लावलेली ती साइडकार होती. घरचे ती भंगारवाल्याला देणार होते. ह्यांनी रात्री घरी येऊन मला इतकंच विचारलं, "खुर्चीत बसल्यासारखं बसता आलं, तर येशील?"

उद्यमनगरातल्या ह्यांच्या जुन्या सोबत्यांनी ती साइडकार उभी केली. मधे टाळेबंदी आली, त्यामुळे वेळ भरपूर मिळाला. गंजलेल्या नळ्या कापून नवीन घातल्या, पाट्याची स्प्रिंग बदलली, डाव्या अंगाला एक छोटं दार कापलं. खुबा मोडलेल्या माणसाने फार खाली बसू नये, म्हणून बैठकीखाली सहा इंच उंचीची लाकडी पेटी आणि तिच्यावर काथ्याची गादी घातली. हे सगळं सांगण्याचं कारण असं की, "ह्यात बसायचं कसं?" हा बायकांचा पहिला प्रश्न असतो. तर, दार उघडायचं, पाठ करून गादीवर बसायचं आणि मग एक-एक पाय आत घ्यायचा. मागे टांग टाकायची नाही की कुणाच्या खांद्याचा आधार घेऊन चढायचं नाही. दुसरा प्रश्न साडीचा. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी लावावी लागते, इतकी ती भीती खरी आहे. साइडकारमध्ये पाय, निऱ्या, सगळं पत्र्याच्या आत असतं. पदर तेवढा खोचायचा. मी वरून शाल गुंडाळते आणि हेल्मेट घालते. "आत बसलेल्याला कशाला लागतंय?" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. डोकं आत बसलेल्यालाही असतं.

पुरुषांचे प्रश्न वेगळे. ॲव्हरेज किती देते, हा पहिला. बावीस-तेवीस देते. एकट्या बुलेटला इंधन कमी लागतं, पण बाजूला डबा आणि त्यात मी, एवढं ओढायचं तर इंजिनाला खायला लागणारच. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, दोन दात्यांनी लहान करून घेतलंय, त्यामुळे चढाला दम टिकतो आणि वेग चाळीसच्या पुढे फारसा जात नाही. आम्हाला तो न्यायचाही नाही. पोरं आम्हाला पाहून १९७५ च्या त्या चित्रपटातलं दोन मित्रांचं गाणं म्हणतात. हे हसतात. मी हात करते.

आता चालवण्याबद्दल थोडं लिहिते, कारण हे पत्र वाचून कुणी उद्या घाईने पत्रा जोडून रस्त्यावर यावं असं मला वाटत नाही. पस्तीस वर्षं बुलेट चालवलेल्या माणसाला शेंडा पार्कच्या मोकळ्या रस्त्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं. मोटारसायकल वळणावर कलते. साइडकार लावल्यावर ती कलत नाही, हँडल दोन्ही हातांनी ओढून वळवावं लागतं. आपल्याकडे साइडकार डाव्या बाजूला असते. रेस दिली की गाडी डावीकडे ओढते, कारण बाजूचं ओझं मागे रेटतं. ब्रेक लावला की उजवीकडे जाते, कारण ते ओझं पुढे धावतं. डावीकडे जोरात वळलं तर साइडकारचं चाक चक्क जमीन सोडतं. पहिले पंधरा दिवस माझ्या जागी वाळूची पोती होती, तरी चाक दोनदा उचललं गेलेलं मी कडेला उभी राहून पाहिलं. जोडणीतही नेमकेपणा लागतो. बाजूच्या चाकाचं तोंड पुढून पाऊण इंचभर आत वळलेलं हवं आणि बुलेट किंचित बाहेरच्या अंगाला झुकलेली हवी. आमच्या मिस्त्रींनी दोन सरळ पट्ट्या आणि ओळंबा लावून हे तीन दिवस जुळवलं. त्यात चूक झाली की गाडी सतत एका बाजूला ओढत राहते, चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात आणि टायर महिन्यात झिजतात.

आणि मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा आहे सांगू? साइडकारमध्ये बसणाऱ्याला काम असतं. डावं वळण आलं की मी अंग डावीकडे झोकते, म्हणजे चाक जमिनीला धरून राहतं. उजवं वळण आलं की बुलेटच्या बाजूला सरकते. परदेशात साइडकारच्या शर्यती होतात, आइल ऑफ मॅन बेटावर तर पहिली १९२३ मध्ये झाली, आणि त्यात बसणारा माणूस वळणावळणाला जवळजवळ रस्त्याला टेकेपर्यंत बाहेर झुकतो. माझं झुकणं वीतभर. पण ते केलं नाही तर ह्यांना लगेच कळतं, आणि केलं की हे मान हलवतात. गगनबावड्याच्या रस्त्याला असळजच्या पुढे वळणं सुरू झाली की आम्ही दोघं एक शब्द न बोलता तासभर असे गाडी हाकत असतो. ऑपरेशननंतर दीड-दोन वर्षं मला सगळे उचलून ठेवत होते, बसवत होते, उठवत होते. माझ्या वजनाचा कुणाला उपयोग होईल हे मी विसरूनच गेले होते.

ह्यांच्याकडे जुन्या मासिकांची कात्रणं आहेत, त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडात बर्मिंगहॅमला वॉटसन नावाच्या माणसाला आपली साइडकार घराच्या बोळातून आत नेता येईना, म्हणून त्याने घडी होणारी साइडकार बनवली आणि १९१२ मध्ये तिचाच कारखाना काढला. आमच्या मंगळवार पेठेतल्या बोळात आम्ही रोज हेच अनुभवतो. गाडी आत यायला साडेपाच फूट वाट लागते. शेजाऱ्यांनी आपणहून पाण्याचं पिंप दुसरीकडे हलवलं, कट्ट्याची पायरी अरुंद करून घेतली. असे शेजारी मिळाले म्हणून आमची साइडकार घडी न करता घरी पोहोचते. लाखो-कोटींची जॅग्वार कारसुद्धा ज्या कंपनीतून पुढे आली, ती १९२२ मध्ये ब्लॅकपूलला साइडकार बनवण्यासाठीच सुरू झाली होती. आपल्याकडेही माझ्या तरुणपणी स्कूटरला साइडकार लावून चौघंपाचजण लग्नाला निघालेले दिसत. पाववाले, परीट यांच्या स्कूटरला पत्र्याची पेटी जोडलेली असे. मग छोट्या गाड्या आवाक्यात आल्या आणि त्या साइडकार गोठ्यात, परड्यात, माडीखाली गेल्या.

त्या तिथेच आहेत. म्हणून माझी पहिली विनंती ज्यांच्या घरी असा सांगाडा पडून आहे त्यांना. भंगारात घालू नका. किलोच्या भावाने फार काही येत नाही. आणि घरात गुडघे धरलेली आई असेल, पोलिओ झालेला भाऊ असेल, तर आधी त्यांना नुसतं आत बसवून बघा. कायद्याची भीती पुष्कळांना वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलची व्याख्या करतानाच सोडवता येणारी, जादा चाकाची साइडकार तिच्यात धरलेली आहे. पण गाडीत बदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी आणि आरसीवर नोंद करून घ्यावी. आधी वेल्डिंग आणि मग कागद, हा क्रम उलटा आहे. ह्यांनी कागद आधी केले.

दुसरी विनंती रस्त्यावरच्या मंडळींना. आमच्या गाडीला तीन चाकं आहेत आणि बाजूच्या चाकाची वाट वेगळी आहे. पुढचं चाक खड्डा चुकवतं तेव्हा बाजूचं चाक त्याच खड्ड्यात जातं, त्यामुळे आम्ही संथ जातो. मागून येणारे पुष्कळदा बुलेट बघतात, साइडकार बघत नाहीत, आणि डावीकडून घुसतात. तिथे मी असते. माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावरून हँडल गेलेलं आहे. आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्या भावांनो, तुमच्या दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे लाल कापड नको, रिफ्लेक्टर लावा. आम्ही दिवस मावळायच्या आत घरी येतो ते तेवढ्याचसाठी.

पण रागवायला मी हे पत्र लिहायला घेतलं नव्हतं. रविवारचं सांगायचं होतं.

पहाटे साडेपाचला निघालो. ह्यांची बुलेट जुनी, उजव्या पायात गियर असलेली. अँमीटरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूच दाबायची, डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडायचा, खटका ओढून थोडी पुढे सारायची आणि मग एकच किक मारायची. एकाहत्तराव्या वर्षीही ह्यांना दुसरी लागत नाही. रंकाळ्यावर धुकं नव्हतं, म्हणजे थंडी संपलीच. साने गुरुजी वसाहत मागे पडली, वाशी गेलं. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाचे बुडखे दिसत होते. डिसेंबरात याच रस्त्याने जाताना मला दोन्हीकडे उसाच्या भिंतीच दिसतात. खाली बसल्यामुळे आकाशाची नुसती पट्टी उरते आणि तुऱ्यांवरचं दव हेल्मेटच्या काचेवर येतं. आता सगळं मोकळं झालं होतं. लांबची घरं, विहिरी, पाचटावर चरणाऱ्या शेळ्या दिसत होत्या. शेळ्यांचे आणि माझे डोळे साइडकारमध्ये एका पातळीला येतात. त्या थांबून बघतात.

हळदीला चहाच्या टपरीजवळ ऊसतोड कामगारांचा अड्डा उठत होता. बीडकडची माणसं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, पाचटाच्या खोपीचे बांबू, दोन करडं, सगळं चढवलेलं. त्यांचाही हंगाम संपला होता आणि ते गावाकडे निघाले होते. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल अशी एक बाई जवळ आली. एका हाताने कंबर धरलेली. तिने साइडकारच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "माय, ह्यात बसून भ्याव नाही वाटत का?"

मी म्हटलं, "नाही वाटत." एवढंच. मग मी खाली उतरले आणि तिला म्हटलं, बसा. ती बसली. मी सांगितलं तशी, पाठ करून, मग एक पाय, मग दुसरा. मोळ्या उचलून उचलून तिची कंबर गेली होती. मागच्या वर्षीपासून नवऱ्याच्या मोटारसायकलवर तिला बसवत नव्हतं, त्यामुळे माहेरी जाणं सुटलं होतं. तिने मागे टेकून पाहिलं, पाय लांब केले. ह्यांनी बुलेट सुरू केली आणि तिला टपरीपासून फाट्यापर्यंत नेऊन आणलं. तीनशे-चारशे पावलांचं अंतर. परत आली तेव्हा तिची नात ट्रॉलीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. ती उतरताना म्हणाली, "ह्याला किती पैसं पडत्यात?" ह्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाले, "गावाकडं कुणाच्या गोठ्यात पडलेली असंल बघा, जुनी. विचारून ठेवा."

तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी आता देते. भीती पहिल्या दिवशी वाटली. पहिलं डावं वळण आलं तेव्हा मी डोळे मिटले आणि पत्रा घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "डोळे उघडे ठेव, वळण तुला माझ्याआधी दिसतंय." आणि खरंच, साइडकार डाव्या अंगाला असल्यामुळे उजव्या वळणापलीकडचं थोडं आधी मलाच दिसतं. तेव्हापासून मी बघायचं काम करते. बघायला लागल्यावर भ्यायला वेळ मिळत नाही, माय.

दाजीपूरला पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते. पळस फुलून अर्धा गळला होता, अंजनीच्या फांद्यांना निळा बहर धरला होता. १९५८ मध्ये घोषित झालेलं हे अभयारण्य, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. मागे एकदा राधानगरीला मुक्काम करून पहाटे या रस्त्याने येताना आम्हाला गवा आडवा आला होता. ह्यांनी लांबूनच इंजिन बंद केलं. मी खाली बसलेली असल्यामुळे मला आधी त्याचे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि मग त्यांच्यावरचा तो काळा डोंगर. तो सावकाश रस्ता ओलांडून गेला. या वेळी गवा नव्हता. आम्ही झाडाखाली भाकरी-पिठलं खाल्लं, अर्धा तास बसलो आणि ऊन चढायच्या धास्तीने माघारी फिरलो. तरी राधानगरीच्या खाली आल्यावर पत्रा हाताला चटका देऊ लागला. परत येताना हळदीला टपरीसमोरची जागा रिकामी होती, नुसत्या चुलीच्या तीन-तीन दगडांच्या ओळी.

काल ह्यांनी साइडकारचे चारही जोड सोडवले. बोल्टना ग्रीस लावून ते डब्यात ठेवले, चाक विटांवर उचललं, गादी उन्हात टाकली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती पुन्हा जोडली जाईल. नोव्हेंबरपासून दर रविवारी सकाळी सहाच्या सुमारास आम्ही रंकाळ्याच्या कट्ट्यापाशी दहा मिनिटं थांबतो. ज्यांना नुसतं बसून बघायचं असेल त्यांनी यावं. येताना पदर खोचता येईल अशी साडी नेसावी आणि कान झाकायला काहीतरी आणावं. हेल्मेट माझं देईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर